न्या. सुजाता मनोहर आणि आपला नोटीस बोर्ड

इंजिनीअरिंगच्या मासिकात कोर्टकचेरीचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण विषय आपल्याच नोटीस बोर्डावरचा आहे. टाइमटेबलशेजारी ‘अंतर्गत तक्रार समिती’चा एक कागद असतो. तो आपण सहसा वाचत नाही. तो तिथे कसा आला, ते थोडक्यात सांगते.

आपला वर्धा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो. हे उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले. स्त्रियांना वकिलीची दारे कायद्याने उघडली १९२३ साली. आणि या न्यायालयात पहिली महिला न्यायाधीश आली १९७८ साली, म्हणजे तब्बल ११६ वर्षांनी! त्या न्या. सुजाता मनोहर.

त्यांचा जन्म १९३४ चा. वडील गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. एल्फिन्स्टन कॉलेज आणि ऑक्सफर्डला शिकून त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. १९९४ या एकाच वर्षात त्या मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश झाल्या, मग केरळच्या मुख्य न्यायाधीश आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. तिथे फातिमा बीवींनंतर त्या दुसऱ्याच महिला.

आता नोटीस बोर्डाकडे येऊ. राजस्थानात भंवरीदेवी सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करायच्या. बालविवाह रोखायला गेल्या, आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. कामाच्या जागी बाईच्या सुरक्षिततेसाठी तेव्हा वेगळा कायदाच नव्हता. ‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कोडबुकात क्लॉजच नसेल तर आपण डिझाईन थांबवतो. न्यायालय थांबले नाही. १३ ऑगस्ट १९९७ रोजी तीन न्यायाधीशांनी संविधानाच्या आधारे नियम घालून दिले: तक्रार समिती हवी, अध्यक्ष महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात. सरन्यायाधीश वर्मा आणि न्या. कृपाल यांच्यासोबत त्या पीठावर सुजाता मनोहर होत्या, एकमेव महिला. २०१३ मध्ये कायदा होईपर्यंत, १६ वर्षे, याच नियमांवर देश चालला.

आज तक्रार लेखी आणि साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. ‘जाऊ दे ना, परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणता म्हणता मुदत निघून जाते. म्हणून मेसला जाता-जाता तो कागद एकदा वाचा, मुलांनीसुद्धा. नावं आणि फोन नंबर वहीत उतरवून ठेवा. रूम पार्टनरला कधी गरज पडली, तर शोधत बसायला नको.