फॉरमॅट मारण्याआधी थोडं थांबा!

सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट जाते आणि परत आल्यावर लिनक्स उठतच नाही. मग कोणीतरी सल्ला देतो, "फॉरमॅट मार, दुसरं काय!" फॉरमॅटने मशीन सुरू होईल हो, पण प्रोजेक्टचं काय? बहुतेक वेळा डेटा जागेवरच असतो. मी कॉन्व्हेंटची, तरी स्क्रीनवरचा इंग्रजी मेसेज शेवटपर्यंत वाचायची सवय मला लिनक्सनेच लावली!

लाईट गेल्यावर नेमकं काय होतं?

गुलमंडीवरचा जुना व्यापारी आठवा. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, मग खतावणीत. लिनक्सच्या ईएक्सटी-३ फाइलसिस्टिममध्ये अशीच कीर्द आली, तिला जर्नल म्हणतात. २००१ मध्ये ती कर्नलमध्ये दाखल झाली. त्याआधीच्या ईएक्सटी-२ मध्ये जर्नल नव्हतं, त्यामुळे लाईट गेली की अख्खी डिस्क तपासावी लागे. २००० च्या दशकातल्या भारनियमनात आपल्या मराठवाड्यात हे किती वेळा झालं असेल, विचार करा. आजच्या ईएक्सटी-४ मध्येही जर्नल आहे. पूर्ण नोंदी पुन्हा लागू होतात, अर्धवट सोडून दिल्या जातात. पण लक्षात ठेवा, नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नल फाइलसिस्टिमची रचना सांभाळतं, तुमचा सेव्ह न केलेला रिपोर्ट नाही.

अडलंय कुठे?

१) 'ग्रब रेस्क्यू' दिसलं: ग्रबला स्वतःच्या फाइल्स सापडत नाहीत. पार्टिशन उडवलं किंवा बदललं की असं होतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब परत बसवा.

२) 'कर्नल पॅनिक' आणि रूट माउंट होत नाही: ग्रबच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडून बघा.

३) 'इमर्जन्सी मोड': एफएसटॅब फाइल तपासा. काढून टाकलेल्या डिस्कची ओळ तिथे राहिलेली असू शकते.

४) 'एफएससीके हाताने चालवा' असा मेसेज: फाइलसिस्टिमच बिघडली आहे. इथे घाई नको.

दुरुस्तीचा क्रम

लाइव्ह पेनड्राइव्हने बूट करा. पार्टिशन रीड-ओन्ली माउंट करून प्रोजेक्ट आधी कॉपी करा. माउंट होत नसेल किंवा डिस्क कटकट वाजत असेल, तर डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्यानंतरच एफएससीके, आणि तेही पार्टिशन अनमाउंट करून! माउंट असताना दुरुस्ती चालवली तर उरलंसुरलंही जातं. पहिल्यांदा 'मायनस एन' लावा, म्हणजे चुका फक्त दिसतील, काही बदलणार नाही. सुपरब्लॉकच खराब असेल तर त्याच्या प्रती डिस्कवर असतात. ४ केबी ब्लॉक असेल तर पहिली प्रत साधारणपणे ३२७६८ व्या ब्लॉकवर मिळते. नाव हरवलेल्या फाइल्स 'लॉस्ट प्लस फाउंड' फोल्डरमध्ये नुसत्या नंबरने पडलेल्या असतात, त्याही उघडून बघा.

थोडक्यात काय, आधी वाचा, मग कॉपी करा, मग दुरुस्त करा. फॉरमॅट कुठे पळून जात नाही, तो सगळ्यात शेवटी!