जमिनीखालची टाकी: न दिसणारा गंज आणि खिशातून जाणारा पैसा



पेट्रोल पंपाच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी जागा, लायसन्स, बँक लोन आणि कमिशन याबद्दल विचारलं. हे सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण पंपाचा खरा माल जिथे साठतो, त्या जमिनीखालच्या टाकीबद्दल कोणीच विचारलं नाही. म्हणून आजचा धडा टाकीवर. ज्यांना डीलरशिप घ्यायची आहे, जुना पंप चालवायला घ्यायचा आहे, किंवा आपल्या ट्रान्सपोर्टसाठी स्वतःचा डिझेल पंप बसवायचा आहे, त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचा.

"टाकी तर कंपनीची आहे ना?"

हो, बहुतेक डीलरशिपमध्ये टाकी आणि डिस्पेन्सिंग युनिट ऑइल कंपनीचं असतं. पण टाकीत उतरवलेला माल कोणाचा? तुमचा. त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात. टाकी गळली तर माल तुमचा जातो, टाकीत पाणी शिरलं तर गिऱ्हाईक तुमच्याशी भांडतं, आणि शेजारच्या विहिरीला पेट्रोलचा वास आला तर गाव तुमच्या दारात येतं. स्वतःच्या वापराचा पंप असेल तर टाकीही तुमची आणि जबाबदारीही सगळी तुमचीच.

एक साधा हिशोब मांडू. पाइपच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळतोय असं समजा, आणि एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरा. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे दिवसाला साधारण ४.३ लिटर आणि वर्षाला जवळपास १,५७५ लिटर. लिटरला १०० रुपये धरले तरी दीड लाखाच्या वर जातात. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपावर हे ४ लिटर कोणाच्या नजरेतही येत नाहीत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशी गत.

गंज चढतो कसा?

गंज म्हणजे नुसता "ओलाव्याने आलेला तांबूस थर" नाही. ती एक छोटी बॅटरी असते. बॅटरी चालायला चार गोष्टी लागतात: झिजणारी जागा म्हणजे ॲनोड, सुरक्षित राहणारी जागा म्हणजे कॅथोड, दोघांना जोडणारा धातू आणि दोघांना स्पर्श करणारी ओली माती. जमिनीतल्या लोखंडी टाकीला या चारही गोष्टी फुकटात मिळतात. एकाच टाकीचा एक भाग चिकट ओल्या मातीत आणि दुसरा मोकळ्या वाळूत असला, तरी या दोन भागांत करंट सुरू होतो. करंट जिथून मातीत उतरतो तिथलं लोखंड संपत जातं.

हा करंट किती लागतो? १ अँपिअर करंट वर्षभर वाहिला तर साधारण ९ किलो लोखंड खातो. म्हणजे १ मिलिअँपिअर वर्षाला ९ ग्रॅम. आता ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ५ मिलिमीटर व्यासाचं भोक पाडायला किती लोखंड जायला हवं? जेमतेम १ ग्रॅम. हा १ मिलिअँपिअर एकाच ठिकाणाहून बाहेर पडत राहिला, तर कागदावरच्या गणिताने भोक पडायला दीड महिनाही लागत नाही. बोर्डावरचा छोटा इंडिकेटर एलईडीसुद्धा याच्या कितीतरी पट करंट घेतो.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टाकी आख्खी गंजून फुटत नाही, ती एका जागी भोक पडून गळते. बाकी पत्रा नव्यासारखा असू शकतो.

पहिली ढाल: कोटिंग

टाकीवर गंजरोधक लेप देतात, म्हणजे लोखंड आणि ओली माती यांचा संबंध तुटतो. पण लेपाला एक ओरखडा पडला तर काय होतं? लेप नसलेल्या टाकीत गंज सगळीकडे विभागला जातो. लेप असलेल्या टाकीत मात्र सगळा जोर त्या एका ओरखड्यावर येतो आणि तिथे भोक लवकर पडू शकतं.

म्हणून टाकी खड्ड्यात उतरवण्याआधी हॉलिडे डिटेक्टर फिरवून लेपाची तपासणी झालीच पाहिजे. हे यंत्र लेपातली बारीक छिद्रं ठिणगी पाडून दाखवतं. क्रेनला साखळी न लावता रुंद पट्टे लावा. खड्ड्यात दगड, विटांचे तुकडे, राख किंवा कोळशाची खर टाकू देऊ नका. टाकीभोवती स्वच्छ, बिनखारी वाळूच हवी. समुद्रकाठची वाळू स्वस्त मिळते म्हणून भरली, तर टाकीला मिठात मुरवल्यासारखं होईल.

दुसरी ढाल: कॅथोडिक प्रोटेक्शन

आमच्या हार्डवेअरच्या दुकानात गीझरसाठी मॅग्नेशियमचा रॉड मागायला गिऱ्हाईक येतं. तो रॉड गीझरच्या टाकीत स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. जमिनीखालच्या टाकीला हीच युक्ती लावतात. मॅग्नेशियम किंवा जस्ताचे ॲनोड शेजारी पुरून वायरने टाकीला जोडतात. लोखंडापेक्षा हे धातू लवकर झिजतात, त्यामुळे गंज त्यांच्या वाट्याला जातो आणि टाकी कॅथोड होऊन बसते. ही कल्पना नवी नाही. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजाच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी लोखंड आणि जस्त वापरून दाखवलं होतं.

ॲनोड किती वर्षं टिकेल याचा अंदाज तुम्हीही काढू शकता. १ अँपिअर करंट वर्षभर द्यायला साधारण ८ किलो मॅग्नेशियम लागतं. तुमच्या ॲनोडमधून ५० मिलिअँपिअर जात असेल तर वर्षाला ०.४ किलो झिजेल. ८ किलोचा ॲनोड कागदावर २० वर्षं चालेल, पण तो शेवटच्या तुकड्यापर्यंत उपयोगी नसतो. ८५ टक्के वापर धरला तर १७ वर्षं. म्हणजे "एकदा बसवलं की झालं" असं नसतं. संपलेला ॲनोड आणि न बसवलेला ॲनोड यात काहीच फरक नाही.

दुसरा प्रकार बाहेरून वीज देण्याचा. रेक्टिफायरमधून डीसी करंट जमिनीत पुरलेल्या ॲनोडमार्फत टाकीकडे पाठवतात. जुनी, मोठी किंवा लेप खराब झालेली टाकी असेल तर हा प्रकार उपयोगी पडतो. पण रेक्टिफायर बंद तर संरक्षण बंद. आणि वायरची उलटसुलट जोडणी झाली तर टाकीच ॲनोड होते आणि गंज कित्येक पटीने वाढतो. हे काम गल्लीतल्या वायरमनकडून करून घ्यायचं नाही, सीपीच्या जाणकाराकडूनच करायचं.

संरक्षण मिळतंय की नाही हे एका आकड्यावरून कळतं. तांबं आणि कॉपर सल्फेटचा संदर्भ इलेक्ट्रोड मातीवर ठेवून टाकीचं व्होल्टेज मोजतात. ते उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण हवं. उणे ०.९५ आलं तर ठीक. उणे ०.६० आलं तर टाकी उघड्यावर आहे असं समजा. रिपोर्ट हातात आला की आधी हा आकडा शोधा.

माती बघितल्याशिवाय करार नको

माती जितकी सहज वीज वाहते तितकी ती लोखंडाला वाईट. याला मातीची रेझिस्टिव्हिटी म्हणतात. ती १,००० ओहम-सेंटिमीटरच्या खाली असेल तर माती फार गंजकारी, १०,००० च्या वर असेल तर तुलनेने सौम्य. विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन पाणी धरून ठेवते, शिवाय पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे पाइपलाही ओढ बसते. कोकणात किनाऱ्याजवळ खारेपणा आणि वर आलेलं भूजल हे दोन्ही असू शकतं. माती परीक्षण फक्त मे महिन्यात केलं तर कोरड्या मातीचा आकडा फसवा चांगला येतो. ओल्या मातीचा आकडाही घ्या.

टाकीपेक्षा पाइपवर जास्त लक्ष

पाइप बारीक, जोड अनेक आणि वरून गाड्यांची वर्दळ. त्यामुळे गळतीचा संशय आला की आधी पाइपलाइन तपासतात. तीन गोष्टी सांभाळा.

१. जुन्या लोखंडी लाइनमध्ये नवा तुकडा जोडला की तो जास्त टिकेल असं आपल्याला वाटतं. मातीत उलटं होतं. जुन्या गंजलेल्या लोखंडासमोर नवं चकचकीत लोखंड ॲनोड बनतं आणि आधी तेच जातं. तुकडा बदलला तर त्याला लेप आणि सीपी दोन्ही द्या.

२. नव्या पंपावर शक्यतो इंधनासाठी मान्यता असलेली प्लास्टिकची दुहेरी भिंतीची पाइपलाइन घ्या. तिला गंज नाही. पण तिच्या टोकाचे लोखंडी जोड आणि बुडवलेल्या पंपाचं डोकं लोखंडाचंच असतं. ते ज्या संपमध्ये असतात तो कोरडा पाहिजे. पावसाळ्यात संपमध्ये पाणी साचलं तर महागडी पाइप असून जोड कुजतील.

३. अर्थिंगची तांब्याची पट्टी टाकीला जोडली की तांबं आणि लोखंड यांची आणखी एक बॅटरी तयार होते. म्हणून अर्थिंग आणि सीपी यांचं डिझाइन एकत्र करून घ्या. पण सीपीचा आकडा सुधारावा म्हणून अर्थिंगची तार कधीही सोडवू नका. स्थिर विजेच्या एका ठिणगीने पंप जाऊ शकतो. गंज परवडला, आग नाही.

आतून लागणारा गंज

बाहेरून बंदोबस्त चोख असला तरी आत पाणी असतंच. झाकणातून पाऊस येतो, हवेतला दमटपणा थंड भिंतीवर जमतो. पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि आम्ल तयार होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये डिझेलच्या ४२ टाक्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ८३ टक्के टाक्यांमध्ये मध्यम किंवा गंभीर गंज सापडला, आणि बहुतेक मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

पेट्रोलची गोष्ट वेगळी. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा वेगळा थर तळाशी बसतो. तो थर नोजलमधून गाडीत गेला की गाडी बंद आणि पंपावर गर्दी. साधी वॉटर पेस्ट हा थर नीट दाखवेलच असं नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी बनवलेली पेस्टच वापरा.

आणखी एक छोटी गोष्ट. डिप रॉड सोडून देऊ नका, हाताने अलगद टेकवा. रोज त्याच जागी आपटून तळाचा थर निघतो आणि तिथेच खड्डा पडतो. त्या जागी जाड प्लेट बसवलेली आहे का, हेही विचारा.

तुमचं वेळापत्रक

रोज: डिप, पाण्याची तपासणी, घनता आणि स्टॉकचा ताळा. सुरुवातीचा साठा अधिक आवक वजा विक्री, म्हणजे शेवटचा साठा. एका दिवसाच्या फरकाने घाबरू नका. १२,००० लिटर पेट्रोल ५ अंशांनी थंड झालं तरी साधारण ५५ ते ६० लिटरने आकसतं. पण फरक रोज एकाच दिशेने जात असेल तर लगेच कळवा.

महिन्यातून एकदा: संप उघडून बघा, झाकणांची रबरं तपासा. रेक्टिफायर असेल तर त्याचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा तारखेसह लिहा.

वर्षातून एकदा: सीपीचं रीडिंग. अमेरिकेच्या नियमात किमान तीन वर्षांतून एकदा म्हटलंय, पण वर्षातून एकदा घेतलं तर घसरण वेळेत दिसते. कुठेही खोदकाम झालं असेल तर त्यानंतर लगेच घ्या, कारण फावड्याने ॲनोडची वायर तुटल्याचं वरून दिसत नाही.

आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही. साफसफाई आणि दुरुस्ती प्रशिक्षित एजन्सीनेच, नियमाप्रमाणे करायची. इंधनाची वाफ दिसत नाही, पण जीव घेते.

जुना पंप घेताना हे सात कागद मागा

टाकी बसवल्याची तारीख, लेपाचा तपशील, सीपीचा प्रकार आणि ॲनोडचं वय, शेवटची तीन रीडिंग, पाइपचा प्रकार, टाकी-पाइपचा शेवटचा प्रेशर टेस्ट रिपोर्ट आणि वर्षभराचं स्टॉक रजिस्टर. सोबत पेसोचं लायसन्स आणि मंजूर नकाशा प्रत्यक्ष जागेशी जुळतो का ते बघा. पेसोचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.

हे कागद नसले तर काय होतं ते अमेरिकेने बघितलंय. तिथे १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्यांना २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली: गंजापासून संरक्षण द्या, बदला किंवा बंद करा. अनेक छोट्या मालकांना खर्च झेपला नाही, त्यांनी टाक्या बंद केल्या. आपल्याकडेही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. नियम पुढे कडक होतील, सैल नाही. म्हणून गळतीचा आणि माती साफ करण्याचा खर्च कोणाकडे, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

जवळच्या ओळखीच्या पंपावर जा आणि मालकाला एकच प्रश्न विचारा: "तुमच्या टाकीचं शेवटचं सीपी रीडिंग किती होतं?" आकडा आणि तारीख लगेच सांगितली तर त्या माणसाकडून धंदा शिका, चहा तुम्ही पाजा. नाही सांगता आलं तर हा लेख त्यांना वाचायला द्या. त्यांचा माल वाचेल, आणि शेजारच्या विहिरीचं पाणीही.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा करा, पण डोळे उघडे ठेवून करा!