बदलीचा अधिकार आणि कायद्याची चौकट

पाणलोटाच्या कामाची आखणी करणारा कृषी अधिकारी बंधारे अर्धवट असतानाच बदलून गेला, तर नव्या अधिकाऱ्यास कामाची माहिती होईपर्यंत पावसाळा तोंडावर येतो. म्हणूनच बदलीचा प्रश्न हा केवळ कर्मचाऱ्याच्या सोयी-गैरसोयीचा नसून लोकांच्या कामाचाही आहे.

बदली हा शासकीय सेवेचा अटळ भाग होय. एकाच ठिकाणी राहण्याचा हक्क कर्मचाऱ्यास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली शिल्पी बोस विरुद्ध बिहार राज्य या शिक्षिकांच्या बदल्यांसंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले. केवळ प्रशासकीय सूचनांचा भंग झाल्यास न्यायालयाने सहसा हस्तक्षेप करू नये. मात्र वैधानिक नियमाचा भंग किंवा दुष्ट हेतू असल्यास गोष्ट वेगळी, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

महाराष्ट्रात बदल्यांना असे वैधानिक बंधन ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’ या कायद्याने घातले. त्यातील प्रमुख तरतुदी अशा :

(१) गट अ, ब व क मधील कर्मचाऱ्यांचा एका पदावरील कालावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा असतो.

(२) बदलीस पात्र कर्मचाऱ्यांची यादी दरवर्षी जानेवारीत तयार करावयाची असते आणि बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात, वर्षातून एकदाच करावयाच्या असतात. निवृत्ती, पदोन्नती आदी कारणांनी पद रिक्त झाल्यास अन्य वेळीही बदली करता येते.

(३) विशेष प्रकरणी मुदतीपूर्वी बदली करता येते. परंतु त्यासाठी कारणे लेखी नमूद करून लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी शासनाचे स्वतंत्र धोरण असते.

या कायद्याचा गाभा लेखी कारणात आहे. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढे दोन शब्द लिहिल्याने विशेष कारण सिद्ध होत नाही. अन्याय झाला असे वाटल्यास राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शिक्षेऐवजी केलेली बदली टिकत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सोमेश तिवारी प्रकरणात सांगितले आहे.

पंचायत सदस्यांनीही यातून बोध घ्यावा. कर्मचारी कामात कसूर करीत असेल, तर नुसती बदलीची मागणी करू नये; घटना व तारखांसह लेखी तक्रार द्यावी आणि चौकशीचा आग्रह धरावा. दोषी माणूस केवळ दुसऱ्या गावी पाठविल्याने दोष जात नाही, तो त्या गावाच्या वाट्याला येतो.