जुन्या ज्यूकबॉक्सचा आवाज : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

नाणे टाकावे, कळ दाबावी आणि यंत्राने आपणहून तबकडी निवडून हवे ते गाणे ऐकवावे, अशी सोय ज्या पेटीत असते तिला ज्यूकबॉक्स म्हणतात. मुंबईच्या काही इराणी हॉटेलांत एकेकाळी अशा पेट्या होत्या, असे जुनी माणसे सांगतात. मी संध्याकाळी ज्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, तेथे गेल्या उन्हाळ्यात अशी एक पेटी आली. एका हॉटेलमालकाने ती हौसेने अमेरिकेतून आणवली होती. त्यांची तक्रार अशी की, गाणे रडके वाजते, मागे सतत भुणभुण असते आणि ढोलाचा ठोका ऐकूच येत नाही. त्यांनी उपायही स्वतःच सुचवला होता. वरची पेटी व रंगीत दिवे ठेवा, आतले सारे काढून टाका आणि नवा ॲम्प्लिफायर व ब्लूटूथ बसवा! त्यात दुकानाला पैसेही अधिक मिळाले असते. परंतु आमच्या काकांनी (दुकानाच्या मालकांना आम्ही सारे काकाच म्हणतो) पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या पंधरा दिवसांत जे शिकलो, ते क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लुई ग्लास याने एडिसनच्या फोनोग्राफला नाणे टाकण्याची सोय जोडली. त्या वेळी नळ्या कानाला लावून ऐकावे लागे. पुढे विजेवर आवाज मोठा करण्याची युक्ती निघाली आणि एका पेटीने सारे हॉटेल गाऊ लागले. १९४९ मध्ये आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीने मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी बाजारात आणली. तिच्या मधोमध मोठे भोक असते. ज्यूकबॉक्सला ही लहान व हलकी तबकडी फार मानवली. आमच्याकडची पेटीही याच तबकड्यांची होती.

१. रडका आवाज, अर्थात वेग

पेटीच्या मागील पाटीवर ‘११७ व्होल्ट, ६० सायकल’ असे कोरले होते. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आणि ५० सायकलची. मालकांनी ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवले होते; पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. या पेटीतल्या मोटारीचा वेग सायकलवर अवलंबून असतो. म्हणून ४५ फेऱ्यांची तबकडी ४५ × ५० ÷ ६० म्हणजे साडेसदतीस फेरेच घेत होती. तीन मिनिटांचे गाणे तीन मिनिटे छत्तीस सेकंद चाले आणि सूर सुमारे तीन स्वरांतरे खाली उतरे. पेटीवादकांच्या भाषेत सांगायचे तर काळी एकचे गाणे खालच्या काळी पाचवर येई. मग ते रडके वाटणार नाही तर काय!

उपाय साधा आहे. मोटारीचा दांडा रबरी चाकाला फिरवतो आणि रबरी चाक थाळीला. यात रबरी चाक लहान की मोठे, याने वेगात फरक पडत नाही. फरक पडतो तो दांड्याच्या जाडीने. दांडा सव्वा नव्हे, बरोबर १.२ पट जाड हवा. पाच मिलिमीटरचा असेल तर सहा. गल्लीतल्या लेथवाल्याकडून पितळी टोपी कातून घेतली व दांड्यावर बसवली. मग तबकडीवर कागदाचा कपटा ठेवून मोबाईलच्या घड्याळावर फेरे मोजले. मिनिटात ४५ भरले. ६० सायकलचा ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो, म्हणून व्होल्टही ११० च्या आसपास ठेवले.

२. सुई

सुई ही या यंत्राची जीभ आहे. झिजलेली सुई आवाज तर बिघडवतेच, शिवाय तबकडीची खाचही कायमची कापते. भिंगाखाली पाहिली तेव्हा तिचे टोक एका बाजूने सपाट झालेले दिसले. नवी सुई घेताना ती बारीक खाचेच्या तबकडीची आहे ना, हे पाहावे लागते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखी तबकडीची सुई कितीतरी जाड असते. सुईचा भार सोनाराच्या लहान काट्यावर मोजून, कार्ट्रिजला सांगितला आहे तेवढाच ठेवला.

३. भुणभुण

येथे एक इशारा आवश्यक आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते साठून राहतात. जाणकार सोबत असल्याशिवाय आणि रेझिस्टरमधून तो साठा उतरवल्याशिवाय आत हात घालू नये.

आवाजाचे बटण शून्यावर आणले तरी भुणभुण राहत असेल, तर दोष बहुधा वीज पुरवणाऱ्या भागात असतो. बटणाबरोबर कमी होत असेल, तर सुईकडून येणाऱ्या तारांत किंवा त्यांच्या अर्थिंगमध्ये. आमची भुणभुण शून्यावरही तशीच होती. शिवाय तारांतली भुणभुण सेकंदाला ५० कंपनांची, तर सुकलेल्या कंडेन्सरची बहुतेक वेळा १०० ची, म्हणजे एक सप्तक वरची. सातवीपर्यंत शिकलेले काका हा फरक नुसत्या कानाने ओळखतात. सुकलेले कंडेन्सर बदलले. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा अधिक. कागदी कंडेन्सर गळत असतील तर आवाज फाटतो व शेवटचा व्हॉल्व्ह लाल होतो, म्हणून तेही बदलले. काकांचा दंडक असा की, एक भाग बदलावा, ऐकावे आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. सगळे एकदम बदलले, तर दोष कोठे होता हे कधीच कळत नाही.

४. हरवलेला ठोका

पेटीत दोन मोठे स्पीकर होते. दोन्ही धडधाकट, तरी ठोका नाही. काकांनी दीड व्होल्टच्या सेलची तार क्षणभर एकेका स्पीकरला लावायला सांगितली. एकाचा कागदी पडदा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. कोणीतरी पूर्वी एकाच्या तारा उलट जोडल्या होत्या! एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि खालचे सूर परस्परांना खाऊन टाकतात. दोन तारांची अदलाबदल केली, आणि ज्यासाठी नवा ॲम्प्लिफायर यायचा होता तो ठोका मूळच्याच पेटीतून येऊ लागला. ते ऐकल्यावर मालकांनी ब्लूटूथचा विषय काढला नाही.

मराठीच्या तासाला सरांनी आम्हांस पाठशुद्धी शिकवली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ते नवे घालण्यासाठी नव्हे. मध्ये शिरलेल्या चुका काढून मूळ पाठ मोकळा करण्यासाठी. दुकानात उभा असताना मला ते प्रथमच नीट समजले. सुधारणा करताना आपण मूळ ऐकू येऊ देतो आहोत की त्यावर आपलेच काही चढवतो आहोत, हा प्रश्न पोथीला लागू आहे तसा पेटीलाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. “बी.ए. करून हाताला काय येतं रे?” असे वडील अधूनमधून विचारतात. त्यांना पटेल असे उत्तर मजजवळ अद्याप नाही. मात्र काकांनी जे कानाने ओळखले, ते का घडते हे मी कागदावर मांडून दाखवले, तेव्हा त्यांनी तो कागद दुकानाच्या भिंतीवर चिकटवला. साडेसदतीस फेऱ्यांचे ते गणित तेथे अजून आहे. मित्रांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर जुना रेडिओ किंवा रेकॉर्डप्लेअर पडून असेल, तर भंगारात घालण्यापूर्वी एकदा जाणकाराला दाखवावा. कदाचित दोनच तारा उलट असतील.