लांबघरातली गोष्ट आणि मातीतला पुरावा



‘व्हायकिंग’ म्हटलं की मुलं शिंगांचं शिरस्त्राण काढतात. त्या काळातलं तसलं एकही सापडलेलं नाही! म्हणून मुलांना नॉर्वेतल्या बोर्गला न्या, व्हिडिओवर का होईना.

लोफोटेन बेटांवरच्या या गावात १९८१ मध्ये नांगरताना एका शेतकऱ्याला जुन्या वस्तू मिळाल्या. पुढे उत्खननात तब्बल ८३ मीटर लांबीच्या घराच्या खुणा निघाल्या. आपले दहाएक वर्ग एका ओळीत धरा! १९९५ पासून शेजारी तसंच घर बांधून उभं आहे. आत जाळ पेटलेला असतो, जुन्या पेहरावातले मार्गदर्शक गोष्टी सांगतात. मुलं रमतात. नेमकं इथे व्हिडिओ थांबवा आणि विचारा, यातलं सापडलं काय आणि अंदाजाचं काय?

लाकूड केव्हाच कुजलं. मातीत उरल्या त्या खांबांच्या खड्ड्यांच्या खुणा, त्यावरून घराचा आकार कळला. छताची उंची, कोरीवकाम हा अभ्यासकांचा अंदाज. काचेचे तुकडे, सोन्याचे पातळ चिमुकले पत्रे मात्र खरंच मिळाले.

माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मग किल्ल्यावरचे गाईडकाका सांगतात ते?”

पुढच्या सहलीला वहीत दोन रकाने आखूनच न्यायचे ठरलंय.