गाडी वेग घेताना थरथरते : बिघाड कसा ओळखावा?



खालापूर-कर्जत भागात आपल्यापैकी बरेच जण आता चारचाकीने शाळेवर जातात. सपाटीवर गाडी बरी चालते, पण खोपोली सोडून बोरघाटाला लागलं की स्टिअरिंग, सीट, कधी गिअरचा दांडासुद्धा थरथरायला लागतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की शांत. मग आपण गॅरेजमध्ये जाऊन एवढंच सांगतो, "गाडी हलतेय." तेवढ्यावर आज प्लग बदलले जातात, पुढच्या महिन्यात टायर, बिल वाढत जातं आणि थरथर तशीच राहते. गॅरेजमध्ये नेमकं काय सांगायचं, ते आज शिकूया.

त्रास घाटातच का जाणवतो? खोपोली समुद्रसपाटीपासून १०० मीटरपेक्षा कमी उंचीवर आहे, लोणावळा ६०० मीटरच्या वर. गाडी, माणसं, सामान सगळं तेवढं वर उचलायचं म्हणजे इंजिनावर भार आला. पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, ती याच चढासाठी. तिथे साधारण ३७ मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर वर चढतो. (कर्जतच्या मुलांना हे उदाहरण लगेच पटतं, वर्गात वापरून बघा.) भार वाढला की गाडीतला कमजोर भाग बोलायला लागतो.

आता मुख्य प्रश्न. थरथर कशाबरोबर बदलते? पायाच्या दाबाबरोबर, गाडीच्या वेगाबरोबर, की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, विज्ञानाच्या प्रयोगात आपण मुलांना सांगतो तसंच. सरळ, सपाट, रिकाम्या रस्त्यावर जा. घाटात किंवा एक्सप्रेसवेवर हे करू नका. नोंद घ्यायला शेजारी कुणाला तरी बसवा. ताशी ५० चा वेग तिसऱ्या गिअरमध्ये धरा, मग तोच वेग चौथ्यात. चाकं तेवढीच फिरतात, इंजिनाचे फेरे मात्र कमी होतात. थरथरीचा ताल तोच राहिला तर संशय चाकांवर आणि एक्सलवर. ताल बदलला तर इंजिनाकडे बघायचं.

गणितही सोपं आहे. चाकाचा परीघ १.८ मीटर धरला तर ताशी ६० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण ९ वेळा फिरतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा इंधन पेटतं, कारण दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी पडते. चार सिलिंडरपैकी एक पेटायचं राहू लागलं की गाडी लंगडते. यालाच मिस्त्री "मिसिंग" म्हणतात. गाडी झटके देते, पिकअप पडतो, चेक इंजिनचा दिवा लागतो.

मिसिंगचं कारण बहुतेक वेळा प्लग किंवा कॉइल असतं. आपल्याकडच्या पावसात प्लगच्या खाचेत पाणी शिरतं, बॉनेटखाली ऊब शोधत आलेले उंदीर वायर कुरतडतात, तेही बघायला सांगा. गाडी सीएनजीची असेल तर ती पेट्रोलवर घेऊन बघा. सीएनजी पेटायला जास्त जोराची ठिणगी लागते, म्हणून कमजोर प्लगची तक्रार आधी सीएनजीवर दिसते. पेट्रोलवरही तसंच होत असेल तर स्कॅनर लावून घ्या. समजा पी०३०२ कोड आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. इंजिन बंद आणि थंड असताना दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करायची, जुना कोड पुसायचा आणि गाडी चालवायची. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. कोड दोनवरच राहिला तर प्लग आणि इंजेक्टर तपासायचे. नवा पार्ट न घेता उत्तर मिळालं!

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या बाजूच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो अतिशय तापतो. तसाच घाट चढलात तर प्लगच्या खर्चात भागलं असतं ते काम कितीतरी महागात जातं. शिवाय मागे ट्रकची रांग असताना चढावर गाडी बंद पडणं म्हणजे जिवाशी खेळ. पुण्याकडे जाताना असं झालं तर घाट सुरू होण्याआधीच खोपोलीला बाहेर पडा.

इंजिन ठीक आहे, पाय दाबला की थरथर आणि उचलला की बंद, आणि ताल मात्र चाकाच्या फेऱ्यांचा? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मग एक्सलचा आतला जॉइंट बघायचा, गिअरबॉक्सकडचा. त्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, चिखल आत जातो आणि जॉइंट झिजतो. बाहेरचा जॉइंट गेला तर वळताना कटकट असा आवाज येतो, आतला गेला तर भार आल्यावर गाडी डोलते. गाडी रॅम्पवर घेतली की बूट दिसतोच. नुसता बूट फाटला असेल तेव्हाच बदललात तर जॉइंट वाचू शकतो.

पाय दाबला काय, उचलला काय, ताशी ८० च्या आसपास थरथरतेच, तर व्हील बॅलन्सिंग. पण पैसे देण्याआधी रिमची आतली बाजू धुऊन बघा. भातशेतीच्या वाटेवरचा चिखल तिथे बसून वाळतो आणि तेवढ्याने चाकाचा तोल जातो. पावसाळ्यात हे आपल्याकडे सर्रास होतं.

फक्त पहिल्या गिअरमध्ये सुटतानाच हादरत असेल तर क्लच किंवा इंजिनाचं माउंटिंग. ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क. तो वेगळा विषय, पण थांबवून ठेवण्यासारखा नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर मग असं सांगा : "चौथ्या गिअरला, ५० च्या वेगाला, पाय दाबला की थरथरते, उचलला की थांबते. पेट्रोलवरही तेच." मिस्त्रीदादांना शेजारी बसवून एक फेरी मारा. आणि जो पार्ट बदलला जाईल तो जुना पार्ट परत मागून घ्या.