डोंगरी सायकलीची निवड

गेल्या जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां सायकली ठेवण्याच्या पडवीकडे आमचें सहज लक्ष गेलें. पूर्वीं तेथें काळ्या, सरळ दांडीच्या सायकलींची रांग असे. आतां जाड टायरांच्या, रुंद हँडलांच्या व भडक रंगांच्या सायकली तींत अधिक दिसतात. "मुलगा माउंटन बाइकच पाहिजे म्हणून हटून बसला आहे, कोणती घ्यावी?" असें पालकांपैकीं कोणी ना कोणी आम्हांला दर वर्षीं विचारतात. आम्ही भूगोल शिकवितों, सायकलींचें दुकान चालवीत नाहीं. तथापि या बाबतींत एक चूक आम्हीं स्वतः पैसे मोजून केलेली आहे, आणि तेवढ्याच अधिकारानें हें लिहीत आहों.

आमचा मुलगा आठवींत गेला त्या वर्षाची ही गोष्ट. एका मोठ्या गांवच्या दुकानांत आम्हीं एक सायकल पाहिली. पुढें स्प्रिंगा, मागें स्प्रिंग, एकवीस गिअर आणि मोटारसायकलीसारखा वांकडा सांगाडा. मुलाचे डोळे चमकले, आणि खरें सांगावयाचें तर आमचेही. "बाबा, पाय नीट टेकत नाहींत," असें तो हळूच म्हणाला. "पुढच्या वर्षीं टेकतील," असें आम्हीं उत्तर दिलें. कारण सदरा वाढत्या अंगाचा घ्यावयाचा ही आमच्या घरची पिढीजाद रीत.

सायकल घरीं आल्यावर तिचे गुण दिसूं लागले. चढ लागला कीं पायानें लावलेला जोर मागील स्प्रिंग दाबण्यांतच खर्च होई. चाक पुढें जाण्याऐवजीं सायकल जागच्या जागीं बैठका काढी. वजन तर असें कीं पायरी चढवावयास दोघे लागत. दिवाळीच्या सुटींत शेताकडील खडकाळ उतारावर थांबण्यासाठीं मुलानें पाय खालीं टाकला, आणि पायाला जमीन लागली नाहीं. कोपराचें हाड मोडलें. सहा आठवडे हात गळ्यांत होता. वर्गांतील टिपणें त्याच्या मित्रानें लिहून दिलीं. त्या मुलानें आम्हांला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं, हें आम्हांला अधिक लागलें.

या जातीच्या सायकलीचा जन्म कसा झाला हें आम्हीं त्यानंतर वाचलें. आधीं वाचावयास हवें होतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मरिन नांवाचा भाग आहे. तेथें टॅमल्पाइस नांवाच्या डोंगराच्या परिसरांत १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत हौशी तरुण जुन्यापान्या, जाड टायरांच्या सायकली मातीच्या वाटेनें वर नेत व भरधाव खालीं येत. त्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या तुंब्यांत असे. उतारावर तो इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुन्हां उतरण्यापूर्वीं नवें ग्रीस भरावें लागे. या ग्रीस भरण्यावरूनच त्यांच्या शर्यतीला 'रीपॅक' असें नांव पडलें. ती प्रथम २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं झाली. पुढील वर्षीं जो ब्रीझ यानें खास डोंगरासाठीं नवे सांगाडे तयार करण्यास प्रारंभ केला, आणि १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत डोंगरी सायकलींच्या शर्यतीला स्थान मिळालें. आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतील क्रम पाहावा. आधीं वाट होती, मग त्या वाटेवर विशिष्ट रीतीनें जाणारे लोक आले, आणि सायकल त्यांच्यामागून आली. आम्हीं दुकानांत हाच क्रम उलटा केला होता.

तर आपल्या वाटा कोणत्या ? रहिमतपुरांतील मुलाला कमंडलू नदीच्या कांठची पायवाट आहे, उंसाच्या ट्रॉल्यांनीं खोल चाकोऱ्या पाडलेले शेतरस्ते आहेत, पावसाळ्यांत चाकाला थापून बसणारी काळी माती आहे, आणि उन्हाळ्यांत मुरूम व बाभळीचे कांटे आहेत. सुटीच्या दिवशीं औंधच्या यमाईचा डोंगर आहे. अधिक हौस असेल त्याला साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून सुमारें पंचवीस किलोमीटरांवरील कासला जातां येतें. (कासच्या पठारावर मात्र रस्ता सोडून चाक मुळींच घालूं नये. २०१२ पासून तें जागतिक वारशाच्या यादींत आहे, आणि तेथील खडकावरचा मातीचा थर इतका पातळ आहे कीं चाकाचा एक ओरखडाही पुष्कळ दिवस राहतो.)

वाट एकच असली तरी जाणारे एकसारखे नसतात. आठवड्याचे सहा दिवस शाळेंत व शेतावर जाणारा आणि रविवारीं डोंगर पाहणारा मुलगा घ्या. त्याला मागील स्प्रिंगेचें कांहींही कारण नाहीं. पुढील चिमट्याला ८० ते १०० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग असली म्हणजे पुरे. तीही नसली आणि टायर दोन इंचांहून जाड असला तरी चालतें. ज्याला घाट चढण्यांतच आनंद वाटतो व लांबचा पल्ला मारावयाचा असतो, त्यानें हलकेपणा पाहावा. त्याला पुढें १०० ते १२० मिलिमीटरची चाल व थोडी पुढें झुकणारी बसण्याची रीत मानवते. जो वर चढतो तो केवळ खालीं उड्या मारीत येण्यासाठीं, त्याला मात्र दोन्हीकडे १२० ते १५० मिलिमीटर चालीचें सस्पेन्शन व चिमटा पुढें कललेला सांगाडा खरोखरच लागतो. अशी चांगल्या प्रतीची सायकल लाख रुपयांच्या घरांत किंवा त्याहूनही वर जाते. केवळ उतारासाठीं २०० मिलिमीटर चालीच्या सायकली असतात, त्यांचा विचार येथें नको. त्या चढावर बहुधा गाडींत घालूनच नेतात.

आतां कोणी विचारील कीं, महागड्या सायकलीला जी मागील स्प्रिंग उपकारक ती स्वस्त सायकलीला अपकारक कशी ? याचें उत्तर विज्ञानाच्या पुस्तकांत आहे. नुसती स्प्रिंग दाबली असतां ती दाबणाऱ्याची शक्ति सांठवते व लगेच परत करते, म्हणून ती चेंडूसारखी उसळते. चांगल्या सस्पेन्शनमध्यें स्प्रिंगेच्या किंवा दाबलेल्या हवेच्या जोडीला तेल असतें. तें बारीक छिद्रांतून जातांना धक्क्याच्या शक्तीची उष्णता होते व उसळी आवरली जाते. दुकानांत हँडलावर भार देऊन चिमटा दाबावा व एकदम सोडावा. तो ताडकन् उसळून वर आला तर आंत केवळ स्प्रिंग आहे असें समजावें. कित्येक स्वस्त सायकलींसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेंत 'खडबडीत वाटेवर वापरूं नये' अशी सूचनाही बारीक अक्षरांत असते. आम्हीं ती कोपर मोडल्यावर वाचली.

गिअरांच्या संख्येला मुलें फार भुलतात. एकवीस म्हणजे पुढील तीन चक्रें गुणिलें मागील सात. त्यांतील पुष्कळ जोड्या एकमेकींच्या इतक्या जवळ असतात कीं फरक कळत नाहीं. संख्येऐवजीं दांते मोजावे. समजा, काळ्या सायकलीचें पुढील चक्र ४४ दांत्यांचें व मागील १८ दांत्यांचें आहे. ४४ ला १८ नें भागिलें असतां सुमारें २.४४ येतात, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यांत मागील चाक जवळजवळ अडीच वेळां फिरतें व सायकल पांच मीटरांहून बरीच पुढें जाते. सपाट रस्त्यावर हें उत्तम, घाटांत असह्य. डोंगरी सायकलींत पुढें २४ व मागें ३२ अशी जोडी घेतली तर भागाकार ०.७५ येतो, आणि २६ इंची चाकाची सायकल एका फेऱ्यांत दीड मीटरच्या आसपास जाते. वेग गेला, पण पायावरचा भारही गेला. मुलांनीं आपापल्या सायकलीचे दांते मोजून हें गणित वहींत करून पाहावें.

चढापेक्षां उताराची काळजी पालकांनीं अधिक करावी. रिमवर घासणारा ब्रेक चिखलांत व पाण्यांत घसरतो. डिस्क ब्रेकची तबकडी चाकाच्या मध्यावर असल्यामुळें ती चिखलापासून दूर राहते. तेलाच्या दाबानें चालणारा ब्रेक एका बोटानें लागतो व मोठ्या घाटांत तोच बरा. पण त्यांत हवा शिरली तर दुरुस्तीला जाणता मनुष्य लागतो. तारेचा डिस्क ब्रेक गांवचा कारागीरही नीट करतो, म्हणून बहुतेकांसाठीं आम्ही तोच पसंत करूं. कोणताही घेतला तरी मुलाचीं बोटें ब्रेकच्या दांडीपर्यंत सहज पोंचतात कीं नाहीं हें पाहावें. पोंचत नसतील तर बहुतेक दांड्यांना तें अंतर कमी करणारा लहान स्क्रू असतो.

टायरांविषयीं थोडें. फुगवून दगडासारखे केलेले टायर खड्यांवरून उडतात. जाड टायरांत हवा थोडी कमी ठेवल्यास ते जमीन धरतात. मर्यादेचे आंकडे टायरच्या बाजूवर छापलेले असतात. बाभळीच्या कांट्यांसाठीं टायर व ट्यूब यांच्यामध्यें जाड पट्टी घालून घ्यावी. तिचा खर्च चार पंक्चरांत भरून निघतो.

मापाची गोष्ट आम्हीं शेवटीं ठेवली, कारण ती सांगतांना आम्हांला अजून संकोच वाटतो. मुलानें नेहमींचे बूट घालून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभें राहावें. टांचा जमिनीवर पूर्ण टेकल्या पाहिजेत आणि दांडी व शरीर यांत डोंगरी वाटेसाठीं निदान दोन इंच अंतर राहिलें पाहिजे. मग सीटवर बसून टांच खालच्या पायडलावर ठेवली असतां गुडघा सरळ व्हावा. ती सीटची उंची. २९ इंची चाक दगडांवरून सहज जातें हें खरें, परंतु ठेंगण्या मुलाला तें आवरत नाहीं. त्याला २६ किंवा २७.५ इंची बरें, आणि सुमारें साडेचार फुटांच्या मुलाला २४ इंचीच. पुढच्या वर्षाची उंची दुकानांत मोजतां येत नाहीं.

आमची ती दोन स्प्रिंगांची सायकल आम्हीं अर्ध्याहून कमी किंमतीला दिली, आणि घेणाऱ्याला तिचे सर्व दोष सांगून दिली. तिच्याऐवजीं पुढेंच स्प्रिंग असलेली, मापाची, साधी सायकल घेतली. मुलगा आतां उंच झाला आहे, व ती सायकल त्याची धाकटी बहीण शाळेंत आणते. ती तिला देण्यापूर्वीं मुलानें तिला अंगणांत दांडीवर उभें केलें, स्वतः खालीं वांकून तिच्या दोन्ही टांचा टेकल्या आहेत कीं नाहींत तें पाहिलें, आणि मगच सीटचा नट सैल केला.